निंदणी

खाली बियाण्यांचं दुकान : मका, वाटाणा, कोबी,
आणि पाटी – उंदरांचं औषध उधार मिळणार नाही.
वर तिसऱ्या मजल्यावर ताप्किगेन
कानांवर हेडफोन चढवून बसते.
नाकुरूत सकाळ होते तेव्हा ती
कालची पहाट ऐकत असते.

फॉर्मवर तीन चौकोन.
द्वेष आहे. द्वेष नाही. सांगता येत नाही.
तिसऱ्यावर फार खुणा होतात तुझ्या,
साहेब परवाच म्हणाले.

आजची टेप शेतीच्या कार्यक्रमाची.
निवेदकाचा आवाज घरातल्या थोरल्या माणसाचा.
"मंडळी, पावसाआधी तण काढून घ्या.
वरवर खुरपू नका, मूळ राहिलं की रान गेलं.
आणि कुंपणापलीकडून आलेलं कुठलं,
ते मी काय सांगायचं? आपल्याला ठाऊक आहेच."

ह्यात एकही शब्द वावगा नाही.
खालच्या दुकानदारानेही हेच सांगितलं असतं.

ती नऊ वर्षांची होती, तिकडे वर, मोलोच्या उतारावर.
असाच कार्यक्रम, असाच आवाज,
चहा निवत चाललेला आणि बाबा
रेडिओच्या जवळ, अजून जवळ सरकत होते.
बाबांनी जन्मात कुणाला शिवी दिली नव्हती.
त्या रात्रीही दिली नाही.
नुसती कोयत्याला धार लावली.

शेजारचा गाथोगो सायकली दुरुस्त करायचा.
सकाळी त्याच्या दारात
एक सायकल उलटी ठेवलेली होती
आणि तिचं पुढचं चाक
वाऱ्याने फिरत होतं.

माझ्या मराठीत, ताप्किगेन,
शेतातलं तण काढणं म्हणजे निंदणं
आणि माणसाला नावं ठेवणं म्हणजेही निंदणंच.
एकाच शब्दाने आम्ही दोन्ही कामं करत आलो,
आणि विळा कुठल्या कामाला लागला
हे शब्दाला कधी विचारलं नाही.

दुपारी दुसरं पाकीट येतं. लाल शाईत : तातडीचे.
मुलुंडा नावाचा शाळामास्तर, वय सव्वीस.
त्याने बाजारात कविता म्हटली, कुणीतरी मोबाइलवर घेतली.
कचेरीतल्या खुर्च्यांवर गोचीड बसलेत म्हणतो,
रक्त पिऊन टम्म फुगलेले.
"उपटा, आणि चुलीत टाका!"
लोक हसतायत. टोमॅटोवाली सगळ्यांत जोरात.

शब्द मोजले तर मास्तरच जास्त दोषी.
"हे तर सरळच आहे," साहेब दारात उभे.
सरळ आहे?
थुंकी वर उडाली की खाली,
कागद दोन्हीकडून सारखाच ओला.
आणि ती भित्री आहे, तिला हेही सुचतं :
उद्या कुणी खुर्चीच्या जागी घर वाचलं,
गोचिडाच्या जागी आडनाव, तर?
मास्तरची कविता तेव्हा कुणाच्या हातात असेल?

तरी ती खूण करते. द्वेष नाही.
साहेब काही बोलत नाहीत.
त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात बराच वेळ बोलतो.

मग पुन्हा ती सकाळची टेप. मागे. अजून मागे.
एकेचाळिसावं मिनिट.
"आपल्याला ठाऊक आहेच"च्या आधी एक श्वास,
आणि नंतर, स्टुडिओत, माइकपासून दूर,
दुसराच कुणीतरी हलकेच हसतो.
श्वासाला कलम नाही. हसण्याला चौकोन नाही.
ती समासात लिहिते :
इथे कुणीतरी हसलं. पुन्हा ऐकावे.
आणि मग, पेन जरा दाबून, पहिल्या चौकोनात खूण.
चूक असेल. असू शकेल.

संध्याकाळी आई भाजीच्या वाफ्यात ओणवी.
त्या सालापासून आई तण हा शब्द तोंडात घेत नाही.
"ते दुसरं काढ गं," एवढंच म्हणते.
"कुठलं?" ताप्किगेन विचारते.
आई हातातल्या मातीकडे बघत राहते.

दाराशी बाबा बसलेत, बंद रेडिओशेजारी.
हल्ली त्यांना ऐकू येत नाही,
असं ते म्हणतात.